मांसात रुतलेलं नख: कोपरा का कापायचा नाही, आणि मग करायचं काय

सांगलीत एका सर्जनच्या दवाखान्यात मी ड्रेसिंगचं काम करते. पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलंय, कडेनं लस येतेय, मोजा काढतानाच माणूस कळवळतोय, असे पेशंट बारमाही असतात. पावसाळ्यात जरा जास्त. उसाला पाणी पाजणारे, भरतीसाठी पळणारी पोरं, गेल्या वर्षीचेच शाळेचे बूट रेटणारी मुलं, धार काढताना म्हशीनं पायावर पाय दिलेल्या मावश्या. कारणं वेगळी, पण दवाखान्यात येईस्तोवर बहुतेकांनी एक उद्योग केलेलाच असतो. दुखणारा कोपरा नेलकटरनं खोल कापलेला असतो.

"सिस्टर, कापल्यावर दोन दिवस एकदम बरं वाटलं बघा." बरं वाटणारच. टोचणारा भाग गेला, दाब गेला. पण कोपरा तिरका कापताना नेलकटर कातडीखाली शेवटपर्यंत पोचत नाही. आत नखाचं एक बारीक कुसळ शिल्लक राहतं. नख मुळातून पुढे सरकत असतं, त्याबरोबर ते कुसळही मांसात पुढे घुसतं. शिवाय वरून दाबून धरणारा कोपराच नसल्यामुळे पुढचं मांस वर येतं आणि नखाची वाट बुजवतं. मग पुन्हा ठणका, पुन्हा नेलकटर, आणि दर खेपेला आणखी खोल. खाली जे सांगितलंय त्याचा सगळा रोख एकच: कोपरा कापायचा नाही, त्याला मांसावरून बाहेर यायला वाट करून द्यायची.

१. आधी ठरवा: हे घरी करायचं काम आहे का?

चांगल्या उजेडात बसा आणि अंगठा नीट बघा. दुखणं साधारण तीन पायऱ्यांनी वाढतं.

पहिली पायरी: कडेची कातडी लाल, थोडी सुजलेली, दाबलं की दुखतं, पण कोरडी आहे. हे घरी सावरता येतं.

दुसरी: सूज वाढली, ठसठस आहे, लस किंवा पू येतोय, मोज्याला डाग पडतोय. डॉक्टरांना दाखवा. भिजवणं आणि उघडी चप्पल तोवर सुरू ठेवायला हरकत नाही.

तिसरी: कडेला लालभडक, ओलसर मांसाचा गोळा आलाय, हात लागला की रक्त येतं. हा गोळा घरी जात नाही. त्याच्यावर चुना, मोरचूद, गुलाची भुकटी असलं काही लावू नका. मी हे तिन्ही प्रकार बघितलेत. तिन्हींत भाजलेल्या कातडीची जखम वेगळी झाली आणि नख होतं तिथंच राहिलं.

आता महत्त्वाचं. खालचे लोक पहिल्या पायरीवर असले तरी त्यांनी घरी काहीही खुपसाखुपशी करायची नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं:

- शुगर असलेले, मग ती कंट्रोलमध्ये असली तरी
- पायाला बधिरपणा किंवा मुंग्या असलेले
- पायाचा रक्तपुरवठा कमी असलेले (थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की सुटते, हे त्याचं एक लक्षण)
- प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू असलेले
- तान्ही बाळं

शुगरच्या माणसाला दुखतच नाही, म्हणून तो निर्धास्त असतो. घोटाळा तिथंच होतो. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे दुखणं कळत नाही, जखम मात्र आत वाढत राहते.

थांबा: ताप, पायावर वर चढत जाणारी लाल रेघ, अख्खा अंगठा सुजून तापलेला किंवा काळा-निळा पडलेला, यातलं एकही दिसलं तर घरचे उपाय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुखणं नेमकं कुठं आहे तेही बोटानं दाबून बघा. नखाच्या कोपऱ्यात असेल तर नख रुतलंय. नखाच्या मधोमध असून खाली काळंनिळं दिसत असेल, तर मार लागून रक्त साकळलेलं असेल. नखाखाली काही टणक उचलल्यासारखं वाटत असेल, तर हाड वाढलेलं असू शकतं, त्याला एक्स-रे लागतो. अंगठ्याच्या मुळाचा सांधा लाल होऊन ठणकत असेल, तर तो बहुधा नखाचा विषय नाही. आणि नखुर्डं म्हणजे नखाभोवतीच्या कातडीत पू होणं. ते नख न रुतताही होतं, त्यामुळे प्रत्येक नखुर्ड्याला हा लेख लागू नाही.

२. सामान आधी मांडून ठेवा

मधेच उठून ओल्या पायानं कापूस शोधत फिरलं की सगळं भिजवणं वाया जातं. म्हणून आधी हे जवळ घ्या: पाऊल मावेल असा टब, कोमट पाणी, साबण, थोडं मीठ, धुतलेला पंचा, मेडिकलमधला साधा कापूस, दात साफ करायचा फ्लॉस (मिळाला तर), पोव्हिडोन आयोडीनचं मलम, कागदी चिकटपट्टी. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तीही तुम्हाला चालत असेल तरच. पोट सुटलेलं असेल किंवा वाकता येत नसेल तर समोर बसायला घरातलं कोणीतरी हवं. स्वतःच्या अंगठ्याशी अंदाजानं खेळायचं नाही.

जवळ काय नको ते त्याहून महत्त्वाचं. ब्लेड, सेफ्टी पिन, काटा काढायची सुई, टोकदार कात्री हे सगळं नजरेआड ठेवा. हाताशी असलं की मोह होतोच.

३. पाय भिजवा

१५ मिनिटं, दिवसातून २ ते ३ वेळा. पाणी कोमट हवं. पायानं नाही, कोपरानं तपासा. लिटरभर पाण्याला चहाचा एक चमचा मीठ पुरे. मीठ नसलं तरी अडत नाही, कातडी आणि नख मऊ करायचं काम पाण्याचं आहे. डेटॉल किंवा दुसरं जंतुनाशक ओतून पाणी पांढरंधोप करू नका. जास्त झालं तर आधीच सुजलेली कातडी सोलवटते.

भिजवून झालं की पाय कोरडा करा. बोटांच्या बेचक्यासुद्धा. ही पायरी लोक हमखास खातात. दिवसभर चिखलात किंवा घामट मोज्यात असणाऱ्याचं नखाकडेचं कातडं तसंच पांढरं, भुसभुशीत झालेलं असतं. त्याला ओलं ठेवून वर बूट चढवला तर नख अजूनच सहज घुसतं.

४. कातडी नखापासून लांब सारा

पाय मऊ आहे तोवरच हे करायचं. बोटाच्या पेरानं कडेची कातडी नखापासून बाहेरच्या बाजूला आणि किंचित खाली हळूहळू ओढा. जोर नको. दोन-चार मिनिटं करा. थोडं दुखेल, पण रक्त यायला नको. रक्त आलं तर आजच्यापुरतं इथंच थांबा, मलम लावा, पुढची पायरी दोन दिवस सोडा.

५. कापसाची वात

सगळ्यात जास्त चुका या पायरीत होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

हात साबणानं धुवा. कापसाचा एकदम थोडा तंतू घ्या आणि वात वळतो तसा दोन बोटांत वळा. समईची वात नको. फुलवात वळल्यावर वर जे बारीक शेंडीसारखं टोक राहतं ना, तेवढी जाडी. लांबी साधारण अर्धा सेंटिमीटर आत जाईल आणि टोक बाहेर दिसेल इतकी. वातीला पोव्हिडोन आयोडीन मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावली तर ती सरकायला सोपी जाते.

आता नखाचं पुढचं टोक बघा. वात कडेच्या खाचेत वरून कोंबायची नाही. नखाच्या पुढच्या टोकाकडून, कोपऱ्याच्या खाली सरकवायची, म्हणजे नख वर, वात मधे, मांस खाली. बोथट काडीच्या टोकानं हळूच ढकला. फ्लॉस असेल तर दोन्ही हातांत ताणून धरा आणि पुढून कोपऱ्याखाली अलगद सरकवा, मग त्याचा छोटा तुकडा तिथंच ठेवून बाकीचा कापा. कोपरा एखाद्या मिलिमीटरनं उचलला गेला तरी पुष्कळ झालं. पहिल्या दिवशी वात जेमतेम टोकाखाली जाईल. चौथ्या-पाचव्या दिवशी, सूज उतरली की, आणखी थोडी आत जाते. एकाच दिवशी पूर्ण आत नेण्याचा हट्ट केला तर जखम होते.

वात रोज बदलायची. भिजवताना जुनी सुटते, पाय कोरडा करून नवी घालायची. जुनी बाहेर आली का ते डोळ्यांनी बघा. एका मुलाच्या अंगठ्यातून मी तीन वाती काढल्या होत्या, एकावर एक. आई रोज इमानेइतबारे नवी घालत होती, जुनी आत राहतेय हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. वास मारायला लागला तेव्हा ती त्याला घेऊन आली.

वात जमतच नसेल तर चिकटपट्टीचा उपाय करा. पट्टीचं एक टोक नखाला लागून असलेल्या कातडीवर चिकटवा, कातडी नखापासून लांब ओढून धरा आणि पट्टी तिरकी अंगठ्याखालून न्या. अंगठ्याभोवती पूर्ण आवळून वेढा घालायचा नाही.

तपासा: पट्टी लावल्यावर अंगठ्याचं टोक दाबून सोडा. पांढरं झालेलं टोक लगेच पुन्हा गुलाबी व्हायला हवं. निळसर राहिलं किंवा मुंग्या आल्या तर पट्टी सोडा.

६. पादत्राण

पुढून उघडी चप्पल. बस. बंद बूट, टोकदार सँडल, गमबूट, घट्ट मोजे हे सगळं दुखणं थांबेपर्यंत बंद. पाणी पाजायला जाणं टळतच नसेल तर गमबूट अंगठ्याला न लागणारा, एक नंबर मोठा घ्या आणि घरी आल्या आल्या पाय धुऊन कोरडे करा.

भरतीच्या पोरांना हे सांगितलं की चेहरे पडतात. पण वात घालून वर बुटात पाय कोंबून १६०० मीटर मारणार असाल तर काही उपयोग नाही. साताऱ्याकडची पोरं अजिंक्यतारा चढून-उतरून सराव करतात. चढताना नाही, उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आदळतो. पुन्हा पळायला लागाल तेव्हा उभं राहून बघा: सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि नाडी घोट्यापाशी अशी बांधलेली हवी की पाय पुढे सरकणार नाही.

७. किती दिवस?

ठणका दोन-तीन दिवसांत कमी व्हायला लागतो. आठवड्यात काहीच फरक नसेल किंवा पू सुरू झाला, तर घरचा प्रयत्न संपला असं समजा.

दुखायचं थांबलं की लोक वात सोडतात, आणि महिन्याभरानं परत येतात. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. तुम्ही कोपरा ५ मिलिमीटर आत कापला असेल, तर तो पुन्हा कातडीच्या पुढे यायला तीन-साडेतीन महिने लागणार. तोपर्यंत वात किंवा पट्टी चालू ठेवायची. कंटाळवाणं आहे, मान्य.

या काळात कोणीतरी हमखास सांगतं की नखाच्या मधोमध खाच पाडा, म्हणजे नख मधे ओढलं जाऊन कडा सुटतात. नख मुळातून वाढतं, पुढच्या टोकाला तुम्ही काय केलं याचा मुळाला पत्ता नसतो. खाचेत मोज्याचा धागा अडकतो, एवढाच तिचा उपयोग.

८. दवाखान्यात जायची वेळ आली तर

जनरल सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ हे काम करतात. सांगली-मिरजेच्या सिव्हिलमध्ये केसपेपर काढून सर्जरीच्या ओपीडीत दाखवता येतं. जाताना उघडी चप्पल घाला, गाडी चालवायला कुणाला तरी सोबत घ्या, आणि हे न विचारता सांगा: शुगर, रक्त पातळ करणारी गोळी (ती आपल्या मनानं बंद करून येऊ नका), भुलेच्या इंजेक्शनचा पूर्वी त्रास झाला असेल तर तो, आणि गरोदर असाल तर ते. म्हशीचा पाय, शेणाचिखलातली जखम असं काही असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही आठवून या. अंगठ्यापुरतीच भूल असते, त्यामुळे डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर उपाशी यायचं कारण नाही. शुगरचे पेशंट उपाशी येतात आणि टेबलावर घामाघूम होतात.

नेहमीची पद्धत अशी. अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बधिर करायचं इंजेक्शन देतात. खरं दुखणं काय ते एवढंच, पुढे ओढल्यासारखं जाणवतं पण दुखत नाही. मग रुतलेल्या बाजूची काही मिलिमीटर रुंदीची पट्टी पुढून थेट मुळापर्यंत उभी कापून काढतात. बाकीचं नख तसंच राहतं. त्यानंतर तेवढ्याच जागेची मुळी फिनॉल नावाच्या औषधानं जाळतात, म्हणजे ती कड पुन्हा उगवत नाही. सगळं मिळून अर्धा तास.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "मुळी जाळणार का?" नुसती पट्टी काढली तर ती पुन्हा उगवते आणि पुन्हा रुतायची शक्यता बरीच जास्त असते. गरोदरपणात फिनॉल टाळतात, रक्तपुरवठा कमी असेल तेव्हाही डॉक्टर वेगळा विचार करतात. त्यामुळे उत्तर "नाही" आलं तर कारण समजून घ्या.

आणि "अख्खं नखच काढून टाका, कटकट नको" हा हट्ट धरू नका. नख परत येतंच, पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. ते नसताना पुढचं मांस वर येऊन बसतं आणि नवं नख त्याच मांसावर येऊन धडकतं.

अँटिबायोटिकचंही तसंच. नुसत्या गोळ्या खाऊन कुसळ विरघळत नाही. आजूबाजूला संसर्ग पसरला असेल तर डॉक्टर देतील. मेडिकलमधून आपल्या मनानं पाच दिवसांचा कोर्स घेऊन आलेले पेशंट तेच नख आणि वर पोटाची तक्रार घेऊन येतात.

९. घरी आल्यावरचं ड्रेसिंग

पहिले दोन दिवस पाय उशीवर, शक्य तेवढा वेळ. रक्त थांबवायला काम चालू असताना अंगठ्याला रबर बांधलेलं असतं, ते निघाल्याची खात्री आम्ही करतोच. तरी घरी जाण्याआधी पट्टीतून दिसणारं अंगठ्याचं टोक गुलाबी आहे ना, ते तुम्हीही बघा.

सांगितलेल्या दिवशी, बहुधा २४ ते ४८ तासांनी, पहिली पट्टी सोडायची. कोरडी ओढायची नाही. कोमट पाण्यात पाय घालून दहा मिनिटं बसा, गॉज आपोआप सुटतो. माझ्या भाच्याचं पहिलं ड्रेसिंग मी घाईत कोरडंच ओढलं होतं. खपलीसकट निघालं, आणि तो अजून माझ्याकडे पाय देत नाही.

मग रोज धुणं, कोरडं करणं, दिलेलं मलम, न चिकटणारा गॉज. मुळी जाळली असेल तर दोन ते चार आठवडे पातळ, पिवळसर लस येत राहते. तिला घाबरून फोन येतात. ती पू नाही. पू दाट असतो, वास येतो, आणि त्याच्यासोबत दुखणं आणि लाली दिवसागणिक वाढत जाते. दुखणं उतरत असेल आणि नुसती लस असेल, तर सगळं ठीक चाललंय.

हळदीबद्दल. आपल्या सांगलीत हळदीला तोटा नाही, त्यामुळे दर दुसऱ्या जखमेत ती भरलेली असते. या जखमेत नको. भुकटी खाचेत बसते आणि लस अडवते. शिवाय आजूबाजूचं सगळं पिवळं झालं की लाली वाढतेय की उतरतेय ते दिसत नाही, आणि तेच तर रोज बघायचं असतं.

बसून काम असेल तर एक-दोन दिवसांत जाता येतं. शेतात, चिखलात मात्र लस पूर्ण थांबल्यावरच.

थांबा: काही आठवडे उपचार करूनही गोळा जात नसेल, किंवा नखात काळी उभी रेघ नव्यानं दिसत असेल, तर तुकडा काढून तपासायला द्यावा लागेल का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. क्वचित ते साधं रुतलेलं नख नसतं.

१०. पुढच्या वेळी नख कापताना

आंघोळीनंतर, नख मऊ असताना. सरळ आडवं कापायचं, एका दमात नाही, छोटे छोटे घास घेत. हाताच्या नखासारखी गोलाई द्यायची नाही. पुढे पांढरी कड एक-दोन मिलिमीटर ठेवायची आणि दोन्ही कोपरे कातडीच्या वर दिसले पाहिजेत. कोपरा मोज्याला अडकत असेल तर कानशीनं त्याचं नुसतं टोक बोथट करा. नख हातानं ओढून तोडू नका, ते कडेला कुठवर फाटत जाईल याचा नेम नसतो. पायाचं नख महिन्या-दीड महिन्यातून कापलं तरी पुरतं. दर रविवारी हाताबरोबर पायाचीही कापायची सवयच कित्येकांच्या दुखण्याला कारण झालेली असते.

नख जाड, पिवळं, भुगा पडणारं असेल तर बुरशी असू शकते. तिचा इलाज काही महिने चालतो, तो डॉक्टरांकडून सुरू करा.

म्हाताऱ्या माणसांची नखं बहुधा घरातलं दुसरं कोणी कापतं. आजीचा पाय मांडीवर घेतला की नेलकटर लावण्याआधी आपल्या हाताचं नख तिच्या नखाच्या कोपऱ्याखाली हलकेच सरकवून बघा. सरकलं तर कोपरा मोकळा आहे, मधली कड सरळ कापा. नाही सरकलं, तर आज नख कापायचं नाही. पाय भिजवा, कोरडा करा, आणि आठ दिवसांनी परत बघा.